बहात्तर किलो

४ फेब्रुवारी

काम मिळालं. सही झाली, शिक्का झाला, आता माघार नाही.

फसफसणाऱ्या सरबताचा कारखाना आहे. त्यांनी बाटल्या भरायचं नवीन मशीन आणलंय, ते चौपट वेगानं बाटल्या भरतं आणि चौपट कार्बन डायऑक्साइड पितं. आत्ता तिथे दोनच सिलिंडर लावलेले असतात. मशीन सुरू केलं की थोड्या वेळात सिलिंडरच्या अंगावर बर्फ, रेग्युलेटर गोठलेला, सरबत शांत. मालक म्हणाले, सिलिंडरच खराब आहेत. मी म्हटलं, सिलिंडर चांगले आहेत, तुमची घाई वाईट आहे. दादानं मागून माझ्या पायावर पाय दिला.

मालकांचं नाव आम्ही जिना उतरता उतरता 'बुडबुडे' ठेवलं. भराभर बोलतात, एकेक गोष्ट वर येते आणि फुटते. माणूस वाईट नाही.

इतकी वर्षं आम्ही दोघं भावंडं दुसऱ्यांच्या पाटीखाली राबलो. नकाशे माझे, वेल्डिंग दादाचं, नाव तिसऱ्याचंच. हे पहिलं मोठं काम आमच्या स्वतःच्या पाटीवर. पाटी दादानंच रंगवली आणि माझं नाव आधी लिहिलं. विचारलं तर म्हणतो, तू डोकं, मी हात, डोकं वरच असतं. हे काम फसलं तर पाटी उतरवून पुन्हा लोकांच्या दारात उभं राहायचं, आणि माझं वय आता दारात उभं राहायचं नाही.

येताना गोड आणलं. दादानं जरासं चाखून बशी माझ्याकडे सरकवली. दात दुखतोय म्हणे.

८ फेब्रुवारी

आज बुडबुड्यांना पहिल्यापासून सगळं समजावलं. सिलिंडरमध्ये नुसता गॅस नसतो, द्रव असतो. त्याची वाफ वर जमते, ती आपण वापरतो. वाफ जितक्या जोरात ओढाल तितका खालचा द्रव गार पडतो, ओले कपडे अंगावर वाळले की हुडहुडी भरते तसा. फार ओढलं की दाब पडतो आणि नळीत बर्फाचा चुरा अडकून बसतो. म्हणून मी दोन गोष्टी करणार आहे. बारा सिलिंडर एकाच जाड पाइपाला जोडायचे, म्हणजे एकेकावर ओझं थोडं. आणि पुढे गरम पाण्याच्या टाकीतून नळी फिरवायची, म्हणजे गॅस ऊब घेऊनच रेग्युलेटरला पोचेल. शिवाय हा गॅस जड, गळला तर जमिनीलगत साचतो आणि माणसाला कळायच्या आत झोपवतो, म्हणून खाली पंखा आणि भोंगा.

'पण संपत आलाय हे दाबाच्या गेजवर दिसेलच ना?' हा प्रश्न जो तो विचारतो. गेजवर भरवसा ठेवायचा नाही. आत थोडा जरी द्रव उरला असला तरी गेजचा काटा तिथल्या तिथेच असतो. सिलिंडर भरलेला असो की रिकामा होत आलेला, चेहरा तोच. द्रव संपला की मग काटा जो खाली येतो तो सावरायला वेळच देत नाही. आत किती उरलंय ते कळायचं तर वजन करायचं, दुसरा मार्ग नाही.

'ऐका तिचं,' दादा म्हणाला. 'वरून काही कळत नाही.' आणि पायरीवर बसला. हल्ली जिथे जाईल तिथे आधी बसायला जागा शोधतो.

१२ फेब्रुवारी

दादा आज पुन्हा दातवाल्याकडे. दर गुरुवारी. तोंडात दात बत्तीसच असतात, याचे संपतच नाहीत. डबाही निम्मा माझ्या डब्यात ओततो. मी खाते, माझं काय जातंय. वहिनीच्या हाताला चव आहे.

१६ फेब्रुवारी

सिलिंडर तोलायला कारखान्यातलाच काटा वापरायचा ठरला. साखरेची पोती तोलायचा, आकडे दाखवणारा. जुना आहे, रोजच्या वापरानं साखरेत माखलेला. तपासल्याशिवाय मी वापरत नाही. त्यासाठी आमची एक जुनी रीत आहे, कुणाला सांगितली तर हसतील: दादाला काट्यावर उभं करायचं. लग्न झाल्यापासून दादा बूट-कपड्यांसकट बहात्तर किलो. पाहुणचार झोडला तरी बहात्तर, उपाशी राहिला तरी बहात्तर. किती कारखान्यांतले काटे मी त्याच्यावर तपासले असतील. जग बदलेल पण दादाचं वजन बदलणार नाही, असं मी लोकांना छातीठोक सांगते.

आज हाक मारली तर टाळाटाळ करायला लागला. 'लोखंडी वजनं मागव की. आपण आता पाटीवाले झालो.' मी म्हटलं, वजनं मागवेपर्यंत महिना जाईल, चढ मुकाट्यानं. चढला. काट्यानं दाखवलं अठ्ठावन्न.

मी दोनदा उतरवला, दोनदा चढवला. अठ्ठावन्नच. म्हणजे काटा चौदा किलोनं खोटा. दादा हसला. 'बुडबुड्यांना सांग, म्हणून तुमचं सरबत एवढं गोड लागतं. इतकी वर्षं साखर जास्तच पडतेय.' मीही हसले. या काट्यात एक सोय आहे, ठाऊक असलेलं वजन वर ठेवून आकडा दाबला की काटा स्वतःला सुधारून घेतो. मी दादाला हलू नको म्हटलं आणि बहात्तर दाबलं. आकडा थरथरला आणि बहात्तरवर स्थिर झाला.

काम झालं, उतर आता, म्हटलं तरी तो जरा वेळ तिथेच उभा होता, आकड्याकडे बघत. मी म्हटलं, फोटो काढू का?

२० फेब्रुवारी

डोकं फिरलंय, म्हणून लिहिते.

जाड पाइपाचे सांधे जोडायचं काम सुरू आहे. दादाचा सांधा म्हणजे मी डोळे झाकून सही करावी असा. आज बघते तर वेल्डिंगची मशाल भाचीच्या, दादाच्या मुलीच्या, हातात, आणि हा खुर्ची टाकून शेजारी बसलाय. 'हळू. श्वास धरू नकोस. हात तुझा नाही असं समज.' भाची चांगली पोरगी आहे, शिकतेय, पण शिकवणी घ्यायला आमचं पहिलंच काम सापडलं? दोन सांधे मी कापायला लावले. भाची रडवेली झाली. 'आत्या, बाबांचा हात...' असं काहीतरी म्हणायला गेली, तर दादा मध्येच म्हणाला, 'आत्या म्हणते तसं कर.'

स्वतः एक सांधा केला तोही लाटा लाटा आलेला. त्यानं आपणहून कापला.

मन दुसरीकडे आहे त्याचं. वहिनी फोनवर मला बघून बोलणं तोडते, भाची नजर चुकवते. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी चाललीय. आमच्या जुन्या साहेबांनी त्याला परत बोलावलं असेल का? गुरुवारी तिकडेच जात असेल? ताकाला जाऊन भांडं लपवायचा स्वभाव त्याचा नव्हता. जायचंय तर तोंडावर सांग ना. मी काय खाणार आहे का तुला?

२४ फेब्रुवारी

बुडबुडे हवालदिल. सरबत फिकं लागतंय म्हणून दुकानदारांच्या तक्रारी. साखर तीच, पाणी तेच, माप तेच. मी म्हटलं, माप तेच नाही, आता बरोबर झालंय. इतकी वर्षं तुम्ही जास्तीची साखर घालून लोकांची जीभ बिघडवलीत, आता खरी चव त्यांना फिकी लागतेय. पटलं त्यांना. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

दादाला ही गंमत सांगितली तर हसला नाही. 'ठिणगे,' म्हणाला, लहानपणापासून रागीट म्हणून मला हेच नाव, 'तो काटा एकदा लोखंडी वजनांवर बघून घे.' मी म्हटलं, तुझ्यावर बघितलाय, पुरे. तो काहीतरी बोलणार होता, पण खोकला आला आणि राहिलं.

२६ फेब्रुवारी

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. उद्या चाचणी आहे, बुडबुड्यांनी मोठी गिऱ्हाइकं बघायला बोलावलीत, आणि सिलिंडरवाल्याची गाडी रस्त्यात बिघडली. भरलेले सिलिंडर येणार नाहीत. चाचणी पुढे ढकलायला बुडबुडे तयार नाहीत.

आवारात आधीचे बारा सिलिंडर पडलेत, अर्धेमुर्धे वापरलेले. एकेक तोलला. रिकाम्याचं वजन सिलिंडरवर कोरलेलं असतं, ते वजा केलं. प्रत्येकात वीस-बावीस किलो निघालं. अडीच तास आरामात चालेल, चाचणी तासाची. लावून टाकले.

दादाला विचारणार होते, पण आज गुरुवार. फोन बंद.

२७ फेब्रुवारी

चाचणी फसली.

आणि दादा आलाच नाही. वहिनीचा फोन, ताप आहे. आजच ताप. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मशीन सुरू झालं, बाटल्या सरसर पुढे निघाल्या, गिऱ्हाईक मंडळी माना डोलावत होती. गेज स्थिर. नळी हाताला कोमट. माझ्या नकाशाप्रमाणे सगळं चाललं होतं. मग गेजचा काटा पडला, एकदम, शिडी काढून घेतल्यासारखा. बाराच्या बारा सिलिंडर एका पाठोपाठ एक मेले. बाटल्यांत नुसतं गोड पाणी, आणि तेही फिकं. एक गिऱ्हाईक म्हणालं, छान, औषध म्हणून देता येईल. सगळे हसले. बुडबुड्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

चुकलं कुठे? आकडेमोड तीनदा केली. वजनं खरी असतील तर गॅस संपणं शक्यच नाही. सिलिंडरवाल्यानं रिकाम्या वजनाचा आकडा खोटा कोरला असणार. त्याला सोमवारी समोर उभा करते.

२ मार्च

सिलिंडरवाला आला. म्हातारा, सभ्य माणूस. माझं सगळं ऐकून घेतलं, आवाज चढवला नाही. गाडीतून वीस किलोची दोन लोखंडी वजनं उतरवली, शिक्क्याची, आणि काट्यावर ठेवली. चाळीसाच्या जागी काटा पन्नास दाखवायला लागला.

'बाई, काटा जास्त दाखवतोय,' तो म्हणाला. 'पंधरवड्यापूर्वी मी याच्यावर सिलिंडर तोलून दिलेत, तेव्हा ठीक होता. मध्ये कुणी हात लावला का?'

मी लावला, म्हटलं.

'कशावर बघून?'

काटा ठीक होता. ठीक काट्यावर दादा अठ्ठावन्न भरला होता. मी काट्याला खोटं ठरवलं, साखरेला ठरवलं, या म्हाताऱ्याला ठरवायला निघाले होते. दादाच्या पट्ट्याला नवीन भोक पडलेलं मी बघितलं होतं. उकाड्यात दोन सदरे घातलेले बघितले होते. निम्मा डबा तर मीच खात होते.

सिलिंडरवाल्यानं पाणी आणून दिलं. वजनं इथेच ठेवून गेला.

३ मार्च

काल तिथून सरळ दादाच्या घरी गेले. वहिनीनं दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि बाजूला झाली.

'काटा बरोबर होता,' मी म्हटलं.

'हो,' दादा म्हणाला.

पोटात गाठ आहे. दिवाणखान्यातल्या खुर्चीवर बसून त्यानं हे असं सांगितलं जसा एखादा सांधा गळतोय म्हणून सांगतात. गुरुवारी इस्पितळात सलाइन लावून पडायचा. परवापासून तेही बंद, डॉक्टर म्हणाले आता उपयोग नाही, उगाच हाल. वहिनीला आणि भाचीला त्यानं शपथ घातली होती.

मी त्याला बोलले. आजारी माणसाला बोलू नये इतकं बोलले. बाबा गेले तेव्हा शाळा सोडून, वह्या-पुस्तकं माझ्यासाठी ठेवून हा कामाला लागला, आणि आता मला परक्यासारखं बाहेर ठेवतो. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, 'सांगितलं असतं तर तू काम सोडून माझ्या उशाशी बसली असतीस. आणि मला पाटी बघायची होती ग. रंग अजून ओला होता.'

'आणि काटा? मी बहात्तर दाबलं तेव्हा तरी?'

'वाटलं, नवीन सिलिंडर भरलेलेच येतात, त्यांना कोण तोलतंय, चालून जाईल. पुढे सांगणारच होतो. खरं सांगू? तो आकडा बदलून बहात्तर झाला ना, फार बरं वाटलं. म्हटलं मशीनच म्हणतंय तर असेन मी बहात्तर. जरा वेळ राहू दे.'

मी त्याचं मनगट धरलं. घड्याळ पार कोपराकडे घसरलं होतं. वहिनी आत भांडी वाजवत होती.

७ मार्च

बुडबुड्यांना खरं ते सांगितलं. वाटलं हाकलून देतील. बराच वेळ टेबलावरची बाटली फिरवत बसले. मग म्हणाले, 'साखरेचं मी बघतो, तुम्ही गॅसचं बघा. आणि तुमच्या भावाला खुर्ची लागली तर माझी मऊ आहे.'

दादाचा हट्ट, काम पुरं करायचं. नकाशे त्याच्या पलंगावर पसरून बसतो आम्ही. मी आता बाराचे दोन गट केलेत, एक संपत आला की दुसरा आपोआप सुरू. आणि पहिल्या गटातले सिलिंडर कायम काट्यावरच उभे, म्हणजे वजन सतत डोळ्यांसमोर. दादा म्हणाला, 'हे आधी का नाही सुचलं तुला?' मी म्हटलं, आधी अक्कल नव्हती. तो म्हणाला, 'नव्हतीच.' फार दिवसांनी आम्ही हसलो, मग मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना, आणि वहिनी येऊन नकाशे गोळा करून गेली.

१४ मार्च

दुसरी चाचणी. दादा आला, बुडबुड्यांच्या मऊ खुर्चीत बसला. उरलेले सांधे भाचीनं केलेत. त्यानं एकेकावरून अंगठा फिरवला. शेवटच्या सांध्यावर अंगठा तसाच ठेवून बसला, तेव्हा भाचीनं वेल्डिंगची काच चेहऱ्यावर खाली ओढून घेतली.

सिलिंडर चढवण्याआधी काटा. लोखंडी वजनांवर बघितला, चोख. मग दादा मला म्हणाला, 'आता तू चढ.'

'कशाला? आपल्याकडे आता वजनं आहेत.'

'वजनं गाडीत विसरतात. माणूस आपल्या पायानं येतो. घरचं माप पाहिजे. चढ.'

चढले. एकसष्ट.

'एकसष्ट,' तो भाचीला म्हणाला, 'लक्षात ठेव.' मग मला, 'आता वाढायचं नाही आणि उतरायचं तर अजिबात नाही. वेळेवर जेवायचं. नाहीतर सगळं काम चुकेल.'

त्याला स्वतःला कुणी चढ म्हटलं नाही.

मशीन पूर्ण वेळ चाललं. पहिला गट संपत आला, टक् असा आवाज झाला, दुसरा सुरू झाला, बाटल्यांना पत्ताही लागला नाही. कुठे बर्फाचा कण नाही. दादानं नळीवर तळवा ठेवला. 'ऊबदार आहे,' म्हणाला, आणि हात काढलाच नाही. त्याला हल्ली फार थंडी वाजते.

२३ मार्च

आज चार चमचे पाणी. जेवायचं नाव नाही. मला मात्र विचारतो, जेवलीस का. मी हो म्हणते.

२९ मार्च

दुपारी दादा गेला. वहिनी उशाशी, मी पायाशी. भाची औषध आणायला गेली होती, ती औषध घेऊन आली.

९ एप्रिल

बुडबुड्यांकडे आज भरलेले सिलिंडर यायचे होते. भाची म्हणाली, मी जाते, तू नको येऊस. मी गेले. दादाच्या घरात बसून तरी काय करायचं, जिकडेतिकडे त्याचे बूट.

पाटी तशीच आहे. माझं नाव आधी, त्याचं खाली. उन्हानं रंग चांगला वाळलाय.

रिकामे सिलिंडर काट्यावरून उतरवले होते, नवे चढवण्याआधी काटा तपासायचा होता. लोखंडी वजनं खरंच गाडीत विसरली होती. गाडी बाहेर लांब उभी. भाचीनं माझ्याकडे बघितलं. मी काट्यावर चढले.

सत्तावन्न.

काटा चार किलोनं कमी दाखवतोय, म्हटलं. सुधारून घ्यावा लागेल, एकसष्ट दाब. भाची जागची हलली नाही. मग बाहेर गेली आणि एकेका हातात वीस किलो धरून परत आली, बापासारखी, खांदे खाली टाकून चालत. मला बाजूला करून तिनं दोन्ही वजनं वर ठेवली. चाळीस. बरोबर चाळीस.

'काटा बरोबर आहे, आत्या,' ती म्हणाली.

सिलिंडरवाला दारात थांबला होता. तिनं त्याला हातानं थांबायची खूण केली, बुडबुड्यांची मऊ खुर्ची ओढली, मला बसवलं आणि आपला डबा उघडून माझ्या मांडीवर ठेवला. वहिनीनं दिलेला. सिलिंडर तसेच राहिले, मशीन तसंच राहिलं. ती समोर उभी होती. मी सगळा डबा खाल्ला.